चाकाला ग्रीस नको

प्रिय काशिनाथ,

तुझ्या हातगाडीच्या चाकाला मी एकदा बोटभर ग्रीस लावलं होतं. माझ्या लेखी फुकट! तुला केवढ्याला पडलं? पाण्याची अख्खी फेरी वाया, सुजलेला खांदा आणि घरी न पेटलेली चूल. आज हे लिहितोय, कारण काल सुनंदावहिनी तीच गाडी ढकलत माझ्या सायकलच्या दुकानात आल्या. "भाऊ, स्पोक आवळा. पन ग्रीस नको हां!"

आठवतं ना? नव्या बिल्डिंगचा वॉचमन तुझ्यावर खेकसला होता, "ए पानीवाला, चक्का बंद कर, साब लोग सोते हैं!" तू माझ्याकडे आलास. मी चाक असं केलं, जसं लोणी! आणि दुपारी तू भरल्या कॅनांनिशी परत. चाळीतल्या बायका चाकाच्या त्या कुईकुईवरच बाहेर यायच्या. त्या दिवशी तू आल्याचं कुणाला कळलंच नाही.

"शेट, ग्रीस काड."

"अरे, काढायला कुणी येतं का?"

"आमी आलो ना!"

रॉकेलच्या चिंधीने पुसलं, तरी चाक मुकंच. मग तूच चिमूटभर रेती टाकलीस. आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात रे!

हाक का मारत नाहीस, विचारलं, तर म्हणालास, "दारात वरडतो तो वसुलीवाला. आमी पानी देतो."

मासवणकडचा तुझा डोंगरउताराचा शेताचा तुकडा पाऊस असेतो पोसायचा. पुढे सगळी भिस्त या गाडीवर. आणि मला शेट म्हणायचास! मीही इथे पंक्चरची पेटी घेऊनच आलो होतो की.

आता माझे कान अख्ख्या बोईसरात नावाजलेत. गल्ल्यावर बसून रस्त्यावरच्या चाकाचं दुखणं सांगतो. तुझं चाक तर झोपेतही ओळखेन! मग त्याच कानांना तुझा खोकला कसा ऐकू आला नाही? की दुकानासमोर आलास की दाबून धरायचास?

ताप अंगावर काढलास. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणे, "खाडा केला तर दुसरा पानीवाला शिरंल." शिरलाच बघ! तू गेलास आणि भोंगा लावलेला टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा राहू लागला. म्हणून तर काल वहिनी विचारत होत्या, "चाक वाजलं तर बायका येतील ना, भाऊ?"

मला कुठे ठाऊक होतं?

शब्द देतो, काशिनाथ. ही गाडी चालेल तोवर तिचं सगळं काम माझ्याकडे, आणि ग्रीसचा डबा तिच्यापासून लांब.

आज सकाळी डोळे मिटून, कान लावून बसलो होतो. कुईकुई आली तसा कारागिराला म्हणालो, "ऐक, निघाल्या वहिनी!"

तो हसला. वहिनी कधीच जाऊन आल्या होत्या. गाडी आमच्या दारात उभी होती, पाणी खपून कॅन सगळे रिकामे.

मी ऐकलं ते शेजारच्या दुकानाचं शटर होतं.

तुझा,
शेट म्हटलं की चिडणारा
दत्ता