धाकट्या जावेची पट्टी

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा निम्मीच वाकले असं समज). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

सासूबाईंच्या पायाची चिघळलेली जखम तुला ठाऊक आहेच. तिचं ड्रेसिंग रोज सकाळी मीच करायची. सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून माझ्या हाताचं एवढं नाव, पण ही जखम मला दाद देईना. तरी खरं सांगू? मला ती वेळ आवडायची. एरवी "मीठ कमी आहे" यापलीकडे माझ्याशी न बोलणाऱ्या सासूबाई पाय माझ्या मांडीवर ठेवून माहेरच्या गोष्टी सांगायच्या.

आणि मध्ये कडमडली आमची धाकटी जाऊ (तीच, प्रयोगशाळेतली. पांढरा कोट घालून जेवायलासुद्धा बसेल). तिने म्हणे कोळंबीच्या टरफलांपासून एक पातळ पट्टी केली आहे. ती जखमेत ठेवायची, मग ती आतलं औषध हळूहळू सोडते, स्वतःही जंतू मारते आणि काम झालं की विरघळून जाते. (मुकाट्याने राबायचं आणि कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, हे मी या घरात लग्नापासून करते आहे. माझ्यावर कुणी शोधनिबंध लिहिला नाही.) डॉक्टरांनी सासूबाईंना रीतसर चाचणीत घेतलं. मी तोंडाने "वा वा" म्हटलं, मनात जळफळत होते.

हे सगळं थोतांड आहे हे सिद्ध करायला मी धाकटीकडून एक उरलेला तुकडा मागून घेतला आणि वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवला. सकाळी बघते तर वाटीत मामंजींची कवळी! त्यांना वाटलं, सुनेने मुद्दाम सोय केली. तुकडा राहिला बाजूला, पाण्यात काय होतं ते कळल्यावर मामंजी आल्यागेल्याला सांगत सुटले, "धाकटीच्या औषधाने कवळीचा वास पार गेला." म्हणजे आता दातही तिच्याच बाजूचे.

जखम भरली गं. मी रोज खोट काढायला वाकून बघायची आणि रोज ती थोडी लहान दिसायची. पट्टीचा मागमूससुद्धा नाही. सासूबाईंनी धाकटीला सगळ्यांसमोर जवळ घेतलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी सवयीने ट्रे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "आता कशाला गं?" म्हणाल्या. मी मागे फिरले, तशी हाक आली, "थांब. या दुसऱ्या पायाला काही झालंय का बघ. बस जरा."

ताई, दुसरा पाय ठणठणीत आहे. मी तो चांगला तासभर बघितला. (त्या तासात त्यांनी धाकटीचंच कौतुक केलं, तो भाग वेगळा.)

तुझी,
जळकी धाकटी बहीण

ता. क. हे पत्र वाचून लगेच फाड. जावेबद्दल माझ्या मनात काहीएक नाही.

ता. क. पुन्हा. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या चाचणीत रुग्णांच्या जखमा बघायला धाकटीला अनुभवी हात हवा आहे, आणि तिने मलाच विचारलं. "वहिनी, जखम तुमच्यासारखी कुणालाच वाचता येत नाही," म्हणाली. मी तोंड वाकडं करून "बघू" म्हटलं. तू नेहमीसारखं "अजिबात जाऊ नकोस" असं खरमरीत पत्र पाठव, म्हणजे मला तुझ्यावर रागावून जाता येईल. सोमवारच्या आत पाठव. कोट माझ्या मापाचा शिवून आला आहे.