येळवशीला आई येणार

१५ डिसेंबर

सासूबाईंनी माझ्या आईला येळवशीचं, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाचं आवतण दिलं. परस्पर! मुखेडला फोन लावून, "विहीणबाई, शेतात जेवायला यायलाच लागतंय." मी तुरीच्या शेंगा सोलत होते. दाणे कचऱ्यात, टरफलं पातेल्यात!

लग्नापासून या लोकांना आईचं 'बीपी' सांगून ठेवलंय. बीपी नाही. डोक्याचं आहे. आता?

१६ डिसेंबर

या घरात माणसं रागावतात आणि नंतर चहा पितात. मला अजून पटत नाही! आज मुद्दाम चिंच लपवून पाहिली. सासूबाई भडकल्या. चिंच सापडली, राग गेला. "चहा टाक, मलाबी दे."

आमच्याकडे आई बिनसली की आठवडाभर अंथरुणात. नाहीतर एकदम साऱ्या गल्लीला पुरणपोळ्या! शाळेतून आले की मी उंबऱ्यावर थांबून कानोसा घ्यायची — भांडी कशी वाजतात? अजून घेते. नवरा म्हणतो, "सोताच्याच घरात चोरावानी काय येतीस?"

पुनमला हे नको. माझ्या पोरीनं दप्तर फेकावं आणि भूक लागली म्हणून बोंबलावं. कुणाचं तोंड वाचत बसू नये. एवढंच हवंय मला.

१८ डिसेंबर

आई आली. डोळे चमकतायत, तोंडाला खळ नाही. गोळ्या घेतल्यास? "हाव, घेतल्या की!" म्हणजे नाही.

१९ डिसेंबर

काय सांगू! जेवणाआधी शेतातल्या कडब्याच्या कोपीभोवती आंबील शिंपडत फेरे सुरू झाले. सणाचा घोष सगळे लाजत पुटपुटत होते. आईनं माझ्या दिराच्या, दयानंदच्या हातातलं मडकंच हिसकावलं आणि तोच घोष खड्या आवाजात — "ओलगे ओलगे, सालम पलगे!" पलीकडच्या शिवारातली माणसं उठून बघायला लागली. फेरे संपले, आई थांबेना. मी मेलेच!

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाईला लई हौस बगा! न्हाईतर आमची सून, मुकी." आणि पदर खोचून स्वतःच मागे धावल्या. नवराही! मी कोपीमागे जाऊन पोट धरून हसले. थोडं रडलेसुद्धा.

संध्याकाळी समोर बसून आईला गोळी घ्यायला लावली.

२० डिसेंबर

आई शांत झोपली. मी दिवसभर गुणगुणत होते. शिरा केला. सासूबाईंची नक्कल त्यांच्यासमोरच करून दाखवली!

२१ डिसेंबर

पुनम शाळेला निघाली. दारात बापाच्या कानाला लागली. मी आतून ऐकलं.

"पप्पा, आई कालपासून लई हसायलीय. तुमी आज लवकर या."