राहीचं लिव्हर शेवटपर्यंत चाललं

नाही, दारू प्यायलो नाही. कधीच नाही. तोंडावर कोणी विचारलेलं नाही, पण लिव्हरचा कॅन्सर म्हटलं की माणूस आधी माझ्या डोळ्यांत बघतो आणि मग माझ्या बायकोकडे, बिचारीने काय काय सोसलं असेल म्हणून. तिने माझी कटकट सोसली, बाटली नाही. मला बी नावाची कावीळ होती, रक्तात लपून बसलेली. कुठल्या सुईने दिली ते देव जाणे. हे आधी लिहून टाकलं. आता पुढचं.

मी शिवराम धोंडू घवाळी, धंदा गवंडीकाम, शिक्षण चौथी, राहणार घवाळवाडी, पालीपासून आत, जिल्हा रत्नागिरी. अक्कल जागेवर आहे. गोळ्यांनी हात कापतो, डोकं नाही. वकिलाने एक मसुदा करून दिला होता, त्यात मला मीच सापडेना, म्हणून परत दिला. हे मी माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहितो आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही. मला सांगणारं माणूस जगात एकच आहे, ते पुढे येईल.

१. घर. जोत्यापासून कौलापर्यंत चिरा न् चिरा मी बसवलेला आहे. माझी बायको जनी जिवंत आहे तोवर घर तिचं. तिला "आता मुंबईला चला" असं कोणी म्हणू नये. तिच्यामागे घर माझी मुलगी राही हिचं. मुलगा संदेश याला खालची आंब्याची कलमं. त्याच्याशी बोललो आहे, तो तयार आहे. बँकेत जे उरलं असेल ते जनीचं.

भावकी म्हणेल, मुलीने लिव्हर दिलं म्हणून बापाने घर दिलं. तसा हिशेब नाही. तसा केला तर घर फारच थोडं पडतं. घर तिला अशासाठी, की ती इथे राहते आणि पाणी कुठून गळतं ते तिला ठाऊक आहे. तिच्या लग्नाचा विषय या कागदात नाही. पोटावरच्या टाक्यांची तिला लाज नाही, तर इतरांनी वाटून घेऊ नये.

२. मागची पडवी. ही मी कोणाला देत नाही, कारण ती माझी नाही. ऑपरेशननंतर बांधली, राहीच्या रोपांसाठी. दापोलीला शिकून आली आहे, कलमं बांधते. त्या पडवीचा एकेक चिरा मी राहीच्या लिव्हरवर उचलला. तिची वस्तू तिला काय देणार.

३. हत्यारं. थापी, रंधा, गुण्या ज्याला काम येत असेल त्याने न्यावीत. ज्याला येत नाही त्याने आठवण म्हणून नेऊ नयेत, गंजतात. ओळंबा मात्र संदेशला. मुंबईत तो खुर्चीवर बसून काम करतो, त्याला भिंत बांधायची नाही, तरी त्यालाच. लिव्हर द्यायला पहिला हात त्याने वर केला होता. त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली आणि डॉक्टर नाही म्हणाले. वजन उतरवायला वेळ नव्हता. तेव्हापासून कैद्यासारखा सुकी भाकरी खातो. संदेश, ती शिक्षा तुला कोणी दिलेली नाही. घरी येशील तेव्हा आईच्या हातचं पोटभर जेव.

४. मिरकरवाड्याचा मुसा होडेकर याला काही नाही. बर्फाची गाडी बंद ठेवून मला मुंबईला नेत-आणत राहिला, पण तो या कागदाला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला द्यायचं नसतं म्हणतात. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं. तुझ्याकडं घेण्यासारखं हाय तरी काय, मेल्या."

५. हे महत्त्वाचं. कागद यासाठीच घेतला, नाहीतर घर आणि कलमं तोंडी सांगूनही झालं असतं.

मला गाठ निघाली तेव्हा ती लहान होती, शिरेत गेलेली दिसत नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा वेळी लिव्हर बदललं तर शंभरातली सत्तर तरी माणसं पाच वर्षं पार करतात, पण पंधरा-वीस जणांचा रोग परत येतो. संदेशचं जमलं नाही, जनीचा रक्तगट जुळेना. राही म्हणाली, मी देते.

मी नको म्हटलं. शिव्या घातल्या, जेवण सोडलं, तिच्याशी बोलणं सोडलं. शेवटी म्हटलं, "तुझ्या पोटाला सुरी लावून मला जगायचं नाय."

ती म्हणाली, "मला जन्माला घालताना विचारलं होतंत काय? मग मी कशाला विचारू?" तपासण्या करूनसुद्धा आली होती.

मी हॉस्पिटलात पडलेला असताना इकडे माझ्या मोठ्या भावाने, आत्मारामदादाने, देवीला कौल लावला. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. प्रश्न घातला की पोरीचं लिव्हर घेऊ काय. डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. दादाने फोन केला. राहीने तो माझ्यासमोर घेतला आणि हसली. "काका, देवीला माझा रक्तगट ठाऊक नाय," म्हणाली, आणि सह्या करून आत गेली.

मला शुद्ध आली तेव्हा पहिला निरोप तिचाच. नर्स म्हणाली, तुमची मुलगी विचारते आहे, बाबा शिव्या देतात की नाही अजून.

जुनं लिव्हर काढून तपासलं तेव्हा आत बारीक शिरेत रोगाच्या पेशी निघाल्या. स्कॅनला त्या दिसल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू. मी दोन वर्षं चांगली काढली. पडवी बांधली, मासे खाल्ले, भांडलो. मग पाठ धरली. फुफ्फुसात ठिपके निघाले आणि मणक्यात एक.

राहीने डॉक्टरांना विचारलं, "माझं कमी पडलं काय?" ते म्हणाले, "तुमचं लिव्हर उत्तम चाललंय. त्यात एक ठिपका नाही. रोग ऑपरेशनच्या आधीच रक्तातून पुढे गेला होता." तिने मान हलवली. मुसाच्या गाडीतून परत येताना पालीचा नाका आला तेव्हा म्हणाली, "बाबा, कौल नाय होता ना. मी ऐकलं नाय."

तेव्हापासून माझी पोर हसलेली नाही. देवळावरून जात नाही, शेतातून वळसा घालते. गेल्या शिमग्याला पालखी अंगणात आली, ढोल वाजले, आणि ही मागच्या पडवीत रोपांना पाणी घालत बसली. वाडीतल्या बायका आपापसात म्हणाल्या, "मानवलं नाय हो पोरीचं." भिंत पातळ आहे. ती पाणी घालत राहिली. पिशव्या भरून वाहायला लागल्या तरी घालत राहिली.

म्हणून मी, शिवराम धोंडू घवाळी, शुद्धीवर असताना असं जाहीर करतो. राहीने दिलेलं लिव्हर मला मानवलं. हे लिहितो आहे या घटकेला ते चालू आहे आणि स्वच्छ आहे. मी मरेन तो जुन्या रोगाने, तिच्या लिव्हरने नव्हे. राही, कलम धरलं की नाही हे कसं ओळखायचं ते तूच मला शिकवलंस. कलम धरलं होतं गो. कीड आधीपासून खोडात होती.

आता कौलाचं. ज्या सदू गुरवाने कौल लावला त्यालाच परवा बोलावून घेतला. जनी होती, मुसा होता.

"सदू, देवीला प्रश्न काय घातलास?"

"दादांनी सांगितला तोच. पोरीचं घेऊ काय."

"शिवा वाचेल काय, असं विचारलंस?"

"नाय बा. तसं कोणी सांगितलंच नाय."

"मग देवी कशाला नको म्हणाली?"

सदूने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पोरीला कापायला नको म्हणाली असंल."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"तसंच म्हणायचं."

तेव्हा लिहून ठेवतो. देवीने माझं मरण सांगितलं नव्हतं, तिला ते कोणी विचारलंच नव्हतं. देवी बाईमाणूस आहे, तिला पोरीची दया आली. तिने नको म्हटलं, मी नको म्हटलं, आणि राहीने आम्हा दोघांचंही ऐकलं नाही. माझा राग त्या नर्सच्या निरोपापाशी उतरला. देवीचा माझ्यापेक्षा जास्त टिकला असेल असं मला वाटत नाही.

६. आत्मारामदादाने माझ्या सरणाला लाकूड द्यावं, सल्ला देऊ नये. मधला दगडांचा गडगा त्याने माझ्या हद्दीत हातभर सरकवलेला आहे, तो तसाच राहू दे. पण "देवी बोलली होती" हे वाक्य त्याने पुन्हा काढलं तर संदेशने गडगा मागे घ्यावा.

७. सुतक फिटल्यावर जो शिमगा येईल त्यात पालखी दारात आली की देवीची ओटी राहीने भरायची. जनीने नाही, दादाच्या सुनेने नाही. राहीने, पुढच्या दाराने येऊन, मान वर करून. ती मागे जाऊन बसली तर पालखी अंगणात थांबवून ठेवायची. ढोलवाल्यांना चहा द्यावा, चिडतील.

८. खालच्या वाडीतल्या रघूला हाच आजार निघाला आहे आणि त्याच्या घरचे माझ्याकडे बोट दाखवून थांबलेत. थांबू नका. गाठ वाट बघत नाही. मी पंधरा-वीसातला निघालो, म्हणून सत्तर खोटे पडत नाहीत.

९. अग्नी संदेशने द्यावा. वाडीत कुजबुज आहे की जिवंत माणसाचा तुकडा सरणावर कसा ठेवायचा. मला दिलेली वस्तू आहे, माझ्याबरोबर जाईल. राहीने स्मशानात यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. कोणी अडवू नये, कोणी ओढू नये.

वर लिहिलेलं वाचून बघितलं. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच.

शिवराम धोंडू घवाळी (सही)

आमच्यादेखत शिवरामने सही केली, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि नेहमीसारखा करवादत होता:
मुसा होडेकर, मिरकरवाडा (सही)
सदू गुरव, घवाळवाडी (सही). कौल मीच लावला होता, पाचव्यात लिहिलंय ते खरं आहे.

घवाळवाडी, तारीख १२ डिसेंबर २०२५

खाली जागा उरली आहे. मुसा म्हणतो, पोरीसाठी दोन गोड शब्द लिही. नाही लिहिणार. मला यापुढे काही सांगायचं नाही.