इंदापूर लेव्हल

३ फेब्रुवारी
सापडली! कार्बनवर प्रोटॉन आदळून किती विखुरले, त्याच्या ग्राफमध्ये मधेच एक टेकाड. पुस्तकात कार्बनला तिथं टेकाड नाही. म्हणजे अणुकेंद्राची नवी एनर्जी लेव्हल! शोधक मी. आपल्या गावावरून नाव ठरलं : इंदापूर लेव्हल. स्वतःचं नाव देणं बरं दिसत नाही. इतरांनी दिलं तर इलाज नाही.

४ फेब्रुवारी
पीएचडीशिवाय कॉलेज मला कायम करणार नाही. मुदत मार्चअखेर. आता चिंता मिटली. बायकोला, मुबशिराला सांगितलं. ती म्हणाली, गाईड मॅडमना विचारलंत का? बायकांना शोधातलं थ्रिल कळत नाही. (मॅडमही बाईच, हे लिहिताना लक्षात आलं.)
संकल्प : नम्र राहायचं.

७ फेब्रुवारी
सासऱ्यांना, चाँदभाईंना नम्रपणे सांगितलं. त्यांचं टायरचं दुकान, म्हणजे तालुकाभर बातमी. त्यांनी विचारलं, जावईबापू, ह्यानं नोकरी पक्की हुती का? म्हटलं, नोकरी काय, परदेशातून बोलावणं येईल.

९ फेब्रुवारी
एसटी स्टँडसमोर फ्लेक्स! ‘नवी लेव्हल शोधल्याबद्दल प्रा. मुजफ्फर यांचे हार्दिक अभिनंदन.’ खाली सासरे, हसतमुख. काढायला सांगणार होतो. पण माझा फोटो चांगला आलाय.

१० फेब्रुवारी
भवानीनगरहून आप्पासाहेब नावाच्या बागायतदारांचा फोन. पहिला चाहता! म्हणाले, सर, तुमची लेव्हल तासावर हाय का एकरावर? रान लई उंचसखल हाय. समजावलं, ही लेव्हल डोळ्यांना दिसत नाही. म्हणाले, मग न्हाय परवडायची.

१४ फेब्रुवारी
बारामतीत सेमिनार. गाईड उत्कर्षा मॅडमना सरप्राईज म्हणून आधी काही बोललो नव्हतो. ग्राफ लावला. टाळ्यांसाठी थांबलो. पहिल्या रांगेतून मॅडमनी विचारलं, मुजफ्फर, टार्गेटमध्ये ऑक्सिजन किती होता? म्हटलं, मॅडम, टार्गेट कार्बनचं होतं. त्या म्हणाल्या, कार्बनच्या पातळ फॉइलवर ऑक्सिजन चिकटतो. हे टेकाड त्याचं. तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.
सगळे हसले. चहा मुद्दामच एकट्यानं घेतला.

१५ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. शोध चुकलेला नाही. फक्त उशिरा लागला, आणि दुसऱ्याच मूलद्रव्यात.
फ्लेक्स उतरवा म्हटलं, तर चाँदभाई म्हणाले, ऱ्हाऊ द्या की. हितं कुणाला कळतंय?

२० फेब्रुवारी
मॅडमनी दोन प्रकरणं नव्यानं लिहायला सांगितली. मुदतवाढीचा अर्जही करायला लावला. टेकाडाबद्दल प्रबंधात लिहिलं : ‘टार्गेटमध्ये ऑक्सिजन होता.’
मॅडमनी हे वाक्य खोडलं नाही. न खोडलेलं माझं पहिलंच.