भाऊच्या पथरीतला खळगा

प्रिय भाऊ,

माघ वद्य पंचमी. सकाळी गोऱ्यांच्या कॅम्पात आठाचे टोल पडत होते, तेव्हा तुझ्या हनुवटीला वस्तरा लागला. तक्रार लिहायची तर आधी दिवस, मग वेळ, मग गुन्हा, असं कामठीच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं. म्हणून तसंच लिहिते. आदल्या रात्री तू गेला होतास. ओसरीवर तुला निजवलं होतं, आणि शेवटची दाढी करणारा वस्तरा तुझ्याच मुलाच्या, गणपतच्या हातात होता.

रक्त आलं नाही. कातडी नुसती उघडली आणि उघडीच राहिली. मी किंचाळले. त्यावर तुझा गणपत काय म्हणाला, ऐकलंस?

"मेलेल्या मानसाले काय समजते, आत्या?"

ते वाक्य अजून कानातून जात नाही. भांडायला घरात दुसरं कोणी उरलं नाही. म्हणून तुलाच लिहिते.

अरे, चाळीस वर्षं तू लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवलास, कुणाला ओरखडा उठला नाही! आणि तुझ्या वाट्याला हे?

वस्तऱ्याला धार लावायची ती पथरी आठवते ना, कशी होती? बाबांनी कन्हानच्या पात्रातून उचललेला तो काळसर, तळहाताएवढा दगड. वर्षभर घासघासून त्यांनी तो आरशासारखा सपाट केला होता. मग तो तुझ्याकडे आला. तू त्यावर पाण्याचे थेंब टाकायचास, वस्तरा आडवा ठेवायचास, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. धारेच्या अंगाने पुढे न्यायचास, पाठीवर उलटवून परत आणायचास. दगडावर काळं दूध सुटायचं. नजर तिथे नसायचीच तुझी. तू नुसता ऐकत असायचास. खरखर थांबून रेशमासारखा आवाज आला की हात थांबायचा.

मी शाळेतून सुट्टीवर आले होते तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, कंटाळा नाही येत?"

"तू माळ वढतं, मी वस्तरा वढतो, राधे. तुह्या माळेनं कोनाची दाढी होते काय?"

केवढी हसली होती वहिनी! तिने एकदा विळा घासायला पथरी मागितली, तर तू म्हणालास, "पयले माही मान काप, मंग विळा घास." वस्तऱ्याशिवाय दुसरं लोखंड त्या दगडाला लागू द्यायचं नाही, हा तुझा कायदा. वहिनी गेली, पण विळ्याला पथरी मिळाली नाही.

मग तो कायदा तूच का मोडलास?

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे सगळा वऱ्हाड कापसामागे धावत सुटला. भातकुलीकडून रात्रंदिवस गाड्या यायच्या. गाडीवान दाढ्या वाढवून फिरायचे, अडते उभ्याउभ्या जेवायचे. घटकाभर कुणी तुझ्यापुढे मान द्यायला तयार नव्हतं. तू लिंबाखाली धोकटी उघडून बसायचास आणि संध्याकाळी तशीच बांधून आणायचास. डोळे अधू झाले म्हणून शाळेतली शिवणाची नोकरी सोडून मी तुझ्याकडे आले, ती हे बघायला!

गणपतने धोकटी कधीच टाकली होती. अकोल्याला वखारीत गठाणींची शिवण कापून व्यापाऱ्यांना कापूस दाखवायचा, हे त्याचं काम. गेल्या हंगामात तो आला. मी तांदूळ निवडत होते.

"बाबा, पथरी द्या. वखारीतल्या चाकूंले धारच नाही राहून राहिली."

मला वाटलं, आता तू त्याला घराबाहेर काढशील. तू पथरी धोतराच्या सोग्याने पुसलीस आणि त्याच्या हातात दिलीस.

"ने बापा. कोनाच्या तरी कामी येऊन राहिली."

काहून, भाऊ? काहून दिली? कित्येक महिन्यांत कुणी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून? मला ते समजतं. समजतं म्हणूनच जास्त राग येतो.

दसऱ्याला पथरी परत आली. जाड चाकूंनी तिचं पोट खाल्लं होतं. पूजेला मांडून तू वर पाणी घातलंस. एरवी ते सगळीकडून ओघळून जायचं, त्या दिवशी मधोमध साचून राहिलं. तू त्या पाण्याकडे बघत बसलास. अशा दगडावर वस्तरा नुसता दोन्ही काठांवर टेकतो. धारेला लाट येते. हे तू गणपतला लहानपणी शिकवलं होतंस, आता तो विसरला होता.

विहिरीच्या फरशीवर तू ती घासून सपाट करायला लागलास. मग खोकला लागला. एक दिवस म्हणालास, "या जल्मी नाही होत, राधे." आणि ठेवून दिलीस.

तू गेल्यावर, त्या सकाळी गणपतने तीच पथरी घेतली. बाहेर सरणाच्या लाकडांची गाडी जुंपलेली. चार हात मारले न मारले, की वस्तरा तुझ्या गालावर. आणि अस्थी उचलल्या त्या दिवशी तो परत निघाला, कारण वखारीत वजनं सुरू होती. जाताना पथरी मागितली! मी तिच्यावर बसले. खरोखर बसले.

"आत्या, उठ ना वं."

"माझ्यासकट उचलून ने."

तो गेला. तेव्हापासून मी फरशीवर पथरी घासते आहे. सुईच्या सवयीचे हात हे, दगडाला पुरत नाहीत. रोज संध्याकाळी पाणी घालून बघते. मधोमध साचतंच. आणि उद्या सपाट झाली तरी तिच्यावर वस्तरा कोण चालवणार आहे? तो आवाज ऐकू येणारा कान या घरात उरलाय का?

सिस्टर म्हणायच्या, देह म्हणजे उतरवून ठेवलेला सदरा. आपले लोक म्हणतात, जीव दहा दिवस घरातच घुटमळतो. सिस्टरांचं खरं असेल तर गणपतही खरा. पण आपल्या लोकांचं खरं असेल, तर तू ओसरीवर उभा राहून सगळं पाहिलंस. मुलाच्या हातातली वाकडी धार पाहिलीस आणि त्याला थांबवता आलं नाही.

वचन देते, भाऊ. पथरी अकोल्याला जाणार नाही. तिला दुसरं लोखंड लागणार नाही. हात चालतील तोवर घासीन, खळगा जावो न जावो. दहाव्याला गणपत परत येऊन मुंडनाला बसेल, तेव्हा न्हावी आधी मी तपासीन. त्याला ओरखडा उठू देणार नाही. जिवंत माणसाला समजतं, एवढं तरी नक्की.

नाल्यावर सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघतील. मला कावळा चालायचा नाही. कावळा भुकेनेही येतो. मला लेखी उत्तर हवं. तुला अक्षर येत नाही, मी शिकवते म्हटलं की हसायचास. तू गेलास त्या जागी दिव्यापाशी पीठ पसरून ठेवलंय. 'हो' म्हणायचं असेल तर त्यावर एक आडवी रेघ पुरे. दहाव्याच्या सकाळी आम्ही नाल्यावर निघायच्या आत.

लागलं का, भाऊ?

तुझी धाकटी बहीण,
राधा