आठ दिवसांची बोट

भिवंडी,
ता. १६ जानेवारी १९७७

चि. रघूस,
गोदूताईचे आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल. दापोड्याचा हिरामण कुवेतहून सुट्टीवर आलाय. महिन्यापूर्वी तू त्याच्याकडे देऊन ठेवलेलं ब्लँकेट पोचलं. चांगलं जाड आहे. मी अजून त्याच शेठच्या लूमवर कांड्या भरते. शेजारच्या कमळाचं लग्न ठरलं, मुलगा अकलोलीचा.

हे मी उगाच लिहितेय रे. कागद भरत चाललाय आणि सांगायचं ते राहतंय.

आईने अंथरूण धरलं तेव्हा तुला तार केली. दोन दिवस उत्तर नाही. आईचं आपलं एकच, "रघ्या येतो न्हवं?" शेवटी मी सांगितलं, त्याची तार आली, तो बोटीत बसला. बोटीला आठ दिवस लागतात, म्हणून येणं होत नाही, असं चार वर्षं तूच लिहीत आलास ना? मग मीही आठच सांगितले. तेवढ्यात तू खरंच येशील असं वाटलं होतं.

आईने आठ चिंचोके मागून घेतले, उशाशी वाटीत ठेवले. रोज सकाळी एक काढून टाकायची आणि विचारायची, "आज कुटवर आला गो?" मी म्हणायची, "आहे अजून समुद्रात." काय सांगू तुला, तेवढ्यावर वाटीभर पेज प्यायची! डॉक्टर म्हणाले, म्हातारी कशावर जगतेय तेच कळत नाही. मला कळत होतं.

सहाव्या दिवशी हिरामण ब्लँकेट घेऊन आला. आई उठून बसली! म्हणाली, "बोटीवर माजा रघ्या भेटला का रं?" तो हसला. "बोट कसली, मावशी! सकाळी कुवेतला चहा प्यालो, दुपारी सांताक्रूझला उतरलो. पावणेतीन हजार किलोमीटर हाय, पण विमानाला चारच तास." त्या भल्या माणसाला काय ठाऊक!

आईने माझ्याकडे बघितलं. "मंग सहा दीस माजा रघ्या हाय तरी कुटं?"

मी पेज पुढे केली. तिने पेज नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवेलागणीला गेली. काकांच्या अनंताने अग्नी दिला.

तुझा राग येतो. त्याहून माझा जास्त येतो. आठ दिवसांचं खोटं तुझं, पण तुला बोटीत बसवलं मी. खरं सांगितलं असतं तर रडली असती, पण माझ्या हातची पेज पिऊन फसली तरी नसती.

एक विचारते. तार तुला मिळाली होती का? मिळाली नाही असंच लिही. खोटं असलं तरी तसंच लिही, मी खरं मानेन.

वाटीत दोन चिंचोके उरले होते, ते पाकिटात घातलेत. आता यायची घाई करू नकोस.

जिला आता कोणी काही विचारत नाही, ती
तुझी गोदूताई