काळी पट्टी

४ एप्रिल
आलो बुवा लातूरला! औसा रोडवरचं आमचं नवं अग्निशमन केंद्र: दोन बंब, एक रुग्णवाहिका आणि आंघोळीला एक तांब्या पाणी. आता म्हणे रेल्वेनं पाणी येणार. डबा मागच्या वस्तीतल्या कस्तुराबाई देतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, लेकरा, लई वाळलास, अजून एक भाकर घे. आई गेल्यापासून असं कुणी रागावलं नव्हतं.

१० एप्रिल
टँकरवर रोज हाणामारी होते, म्हणून आज सराव झाला. दंगलीत एकदम तीस-चाळीस माणसं पडली तर मनगटांना पट्ट्या बांधायच्या. लाल आधी उचलायची, पिवळी नंतर, हिरवीवाल्यानं चालत जायचं. काळी म्हणजे संपलं. तिथं थांबायचं नाही. वस्तीतलेच लोक खोटे जखमी झाले होते. कस्तुराबाईंना मी काळी बांधली, तर बाई मेल्यावरही हसतायत! नंतर बंबचालक सिद्धराम पट्ट्या गोळा करू लागला, पण बाईंनी आपली दिली नाही. काळी हाय, दृष्ट लागणार न्हाई, म्हणाल्या. मीच म्हटलं, राहू दे.

१६ एप्रिल
टँकरवर दगडफेक झाली. खरीखुरी. माणसं पडलेली, घागरी पडलेल्या. मी शिकवल्याप्रमाणे पळत होतो. एका मनगटाला काळी पट्टी दिसली. कुणीतरी आधीच तपासलंय असं समजून पुढं निघालो. त्या हातानं माझी विजार धरली, पाणी मागितलं. काळीपाशी थांबायचं नाही, म्हणून मी सोडवून घेतली. तोंडाकडे पाहिलंच नाही.

१७ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, कस्तुराबाई दगड लागल्यावर अर्धा तास जिवंत होत्या.
मी मारलं त्यांना. रिकामा डबा कोनाड्यात तसाच आहे.

२० एप्रिल
भर दुपारी दाराशी उभ्या. मनगटाला पट्टी. पाणी मागतात. त्यांच्या ओंजळीत तांब्या रिकामा केला, ओंजळ कोरडीच— सिद्धराम म्हणतो, तिथं कुणीबी न्हाई.

२२ एप्रिल
माझ्या वाटचं सगळं पाणी त्यांना. दोन दिवस मी घोट घेतला नाही. तरी मागतात—

२३ एप्रिल
आज मागितलं नाही. डोक्यावरून हात फिरवला. दृष्ट लागंल लेकरा, म्हणाल्या, आणि माझ्या मनगटाला— काळी. गाठ सुटत नाही.
उठता येत नाही. सिद्धराम आत आला होता. आवाज फुटेना, म्हणून त्याची विजार धरली. त्यानं मनगट पाहिलं. तोंडाकडे नाही. सोडवून घेतली, पुढं गेला—
सिद्धराम, अरे मी अजून